गंज घासू नका, निदान अजून तरी

वाचकाचं पत्र

नमस्कार ताई,

मी मूळचा सावंतवाडीचा. सध्या टोकियोत निशी-कासाईला राहतो, आयटीत आहे. मार्चमध्ये ऑनलाइन लिलावात एक जुनं सामुराई चिलखत लाकडी पेटीसकट घेतलं. विकणाऱ्याच्या म्हणण्याप्रमाणे ते सोळाव्या शतकातलं, लढाईत वापरलेलं आहे. शिरस्त्राण पार तपकिरी गंजलंय. कमरेखाली लोंबणाऱ्या सात झडपांपैकी दोन एकेका धाग्यावर लटकल्यात. काळ्या रेशमी नाड्यांना हात लावला की भुगा पडतो आणि खांद्यांवरच्या ढालींचे पोपडे निघतायत. दिवाळीत आई-बाबा येणार आहेत, तोवर मला ते नव्यासारखं करायचंय. ड्रिलला लावायचा तारेचा ब्रश, काळा स्प्रे आणि लाल नायलॉनची चपटी नाडी आणून ठेवली आहे. लहानपणी शेजारी लाखकाम पाहिलंय, म्हणून पोपड्यांना लाख लावावी असंही डोक्यात आहे. बायको म्हणते, घरात भूत आणून बसवलंय. चार वर्षांच्या लेकीला मात्र त्याचा मुखवटा सारखा घालायचा असतो. पुढेमागे भारतात परतलो तर हे सोबत नेईनच. सुरुवात कुठून करू? फोटो जोडले आहेत.

— लोखंडी हौस, टोकियो

उत्तर

नमस्कार. तारेचा ब्रश आधी ड्रिलवरून उतरवा, मग निवांत बसून पुढचं वाचा.

तुमचे फोटो मोठे करून पाहिले. शिरस्त्राणाचा तपकिरी रंग माथ्यापासून कडेपर्यंत एकसारखा आणि दाट आहे, उभ्या कंगोऱ्यांवर तो हात फिरून फिरून किंचित झळाळतोय. हा दुर्लक्षाचा गंज नव्हे. जपानी कारागीर काही काबुतोंच्या, म्हणजे शिरस्त्राणांच्या, लोखंडावर मुद्दाम गंज धरू देत आणि तो हवा तितका मुरला की थांबवत. त्या पृष्ठभागाला साबिजी म्हणतात. लोखंडाचा पोत आणि घडाईची सफाई रोगणाखाली न झाकता दाखवायची असेल, तेव्हा हे करत. तुमचं काबुतो उभ्या अरुंद पट्ट्या रिव्हेटने एकमेकींना जोडून घडवलंय. माथ्यापासून बोट फिरवत त्या मोजा. ३२ किंवा ६२ भरल्या तर घडवणाऱ्याने चांगलीच मेहनत घेतली आहे. अशा कामावरून तारेचा ब्रश फिरला की मधले सगळे दिवस पुसले जातात आणि तो थर कुठल्याही दुकानात विकत मिळत नाही. जाणकार माणूस घासून चकचकीत केलेलं काबुतो हातात घेतो, उसासा टाकतो आणि खाली ठेवतो.

खाणारा गंज वेगळा असतो. तो नारिंगी, भुसभुशीत आणि बोटाला लागणारा. तो बहुधा रिव्हेटच्या बुडाशी, मानेवरच्या पट्ट्यांच्या मागे, जिथे घाम किंवा ओल साचते तिथे सापडेल. मऊ कोरड्या ब्रशने झटका. एखादा ठिपका हटत नसेल तर भिंग लावून बांबूच्या टोकदार काडीने टोकरा, धातूने नको. मग त्या उघड्या लोखंडापुरतं फडक्यावर थेंबभर त्सुबाकीचं, म्हणजे जपानी कॅमेलियाच्या बियांचं, तेल घ्या, चोळा आणि कोरड्या फडक्याने जवळजवळ सगळं पुसून काढा. तलवारींची निगा राखायचं सामान विकणाऱ्या कुठल्याही दुकानात हे तेल मिळेल. ते रेशमाला, कातड्याला किंवा रोगणाला लागू देऊ नका. काबुतोच्या आतलं शिवलेलं अस्तर उसवायचं नाही, धुवायचंही नाही.

आता ते सोळावं शतक. विकणाऱ्यावर राग धरू नका, पण विश्वासही ठेवू नका. १६१५ साली ओसाकाचा वेढा संपला, १६३७-३८ मध्ये शिमाबाराचा उठाव झाला आणि त्यानंतर दोनशेहून अधिक वर्षं जपानात मोठी लढाई म्हणून झाली नाही. चिलखतं मात्र बनतच राहिली. सरदारघराण्यांना ती मिरवणुकीला, दरबाराला आणि इभ्रतीला हवीच होती. आज बाजारात फिरणाऱ्या बहुतेक चिलखतांचा जन्म याच शांततेच्या, एदो काळातला. १८६८ नंतर सामुराईंचा दर्जा गेला, १८७६ मध्ये तलवार बाळगायला बंदी आली, आणि घरोघरच्या पेट्या मिळेल त्या भावाने विकल्या गेल्या. तेव्हाच्या व्यापाऱ्यांनी एकाचं काबुतो, दुसऱ्याच्या बाह्या, तिसऱ्याच्या पिंढऱ्यांची कवचं असं जुळवून पुरे संच केले. तुमच्या डाव्या-उजव्या बाह्यांवरच्या साखळीची वीण मला फोटोत सारखी वाटत नाही. छातीवरचा जो खड्डा विकणाऱ्याने अभिमानाने दाखवलाय, तो लढाईतल्या गोळीचाच असेल असंही नाही. पत्रा किती टिकतो हे गिऱ्हाइकाला दाखवायला कारागीर स्वतः गोळी झाडून बघत.

काबुतोच्या आत सही दिसली तर हुरळून जाऊ नका. म्योचिन हे चिलखतकारांचं सर्वांत गाजलेलं घराणं, आणि म्हणूनच त्यांच्या नावाच्या खोट्या सह्याही सर्वांत जास्त. खुद्द त्या घराण्यानेही एदो काळात जुन्या, बिनसहीच्या वस्तूंना आपल्या पूर्वजांची नावं देणारी प्रमाणपत्रं सढळ हाताने वाटली. दुसरीकडे, चुंबक चिकटला नाही म्हणून नकली समजू नका. न कमावलेलं कच्चं कातडं ठोकून कडक करायचं, त्यावर रोगण चढवायचं आणि हलकं चिलखत बनवायचं, ही अस्सल रीत आहे. नकली ओळखायची असेल तर पट्ट्यांच्या मागची बाजू बघा. साच्यात ठोकलेल्या पातळ पत्र्याच्या कडा, यंत्राने पाडलेली एकसारखी भोकं, मागून रंगच नाही, हे सगळं विसाव्या शतकातल्या मिरवणुकीच्या किंवा ५ मेच्या मुलांच्या सणाला मांडायच्या मालाचं लक्षण. तुमचं तसं दिसत नाही. खात्री हवी असेल तर चिलखतांचा अभ्यास आणि जतन करणारी निहोन काच्चू बुगू केनक्यू होझोनकाई ही संस्था आहे. तिथले लोक वस्तू बघून मत देतात, प्रमाणपत्रही देतात. हात लावण्याआधी त्यांना दाखवा.

माझा अंदाज विचाराल तर एदो काळाच्या उत्तरार्धातलं, जोडजमवीचं पण प्रामाणिक चिलखत आहे. ते रणात गेलं नसेल म्हणून त्याची अदब कमी होत नाही.

नाड्यांवर मी जरा रेंगाळणार आहे, कारण या छंदाचा खरा जीव तिथे आहे. चिलखत म्हणजे शेकडो मीटर चपटा रेशमी गोफ, त्याला अधूनमधून लोखंड बांधलेलं. दाट ओळींच्या बांधणीला केबिकी म्हणतात, जोडीजोडीने विरळ बांधणीला सुगाके. तुमची सुगाके आहे, नवशिक्याच्या नशिबाने.

काळ्या नाड्यांचा भुगा का होतो? कारण रंगात आहे. काळा आणि गडद तपकिरी रंग टॅनिन आणि लोखंडाच्या क्षारांनी बसवत, आणि तेच लोखंड रेशमाला वर्षानुवर्षं आतून खात राहतं. एकाच चिलखतावर निळीत रंगवलेली नाडी धड आणि शेजारची काळी नाडी माती, असं त्यामुळेच दिसतं. याला औषध नाही. फक्त उजेड, हाताळणी आणि वजन कमी करून आयुष्य वाढवता येतं.

लाल नायलॉनबद्दल सांगण्याआधी तुम्हाला एका डोंगरावर पाठवते. टोकियोच्या पश्चिमेला ओमे शहरात मिताके पर्वत आहे, केबल कारने वर जाता येतं. तिथल्या मुसाशी-मिताके देवस्थानात लाल नाड्यांचं एक मोठं चिलखत आहे, जपानच्या राष्ट्रीय ठेव्यांपैकी एक. हाताकेयामा शिगेतादा या योद्ध्याने ते ११९१ साली वाहिलं अशी परंपरा आहे. १९०३ साली त्याची दुरुस्ती झाली, आणि तुटलेल्या जागी तेव्हा नवलाईच्या असलेल्या रासायनिक रंगातल्या नाड्या घातल्या गेल्या. आज त्या नाड्या फिकट गुलाबी पडल्या आहेत. मूळच्या नाड्या आकानेच्या मुळीने रंगवलेल्या, आपल्या मंजिष्ठेच्या कुळातली ती वनस्पती, आणि त्या अजून लालभडक आहेत. दुरुस्ती करणारे त्या काळचे उत्तम लोक होते, त्यांनी उत्तम समजलं तेच वापरलं. तरीही कोणती बाजू आधी म्हातारी झाली ते काचेसमोर उभं राहून बघा, वेळा तपासून जा.

नायलॉनची आणखी एक खोड आहे. ती रेशमापेक्षा चिवट आणि निसरडी असते, म्हणून ताण आला की नाडी तुटायच्या ऐवजी भोकाची कड आणि तिच्यावरचं रोगण जातं. बांधणीत सगळ्यांत आधी तुटणारी वस्तू नाडीच असली पाहिजे.

म्हणून सगळ्या नाड्या काढून नव्या घालायचा बेत रद्द. भुगा होणाऱ्या नाड्या जिथे वजन पेलत नाहीत तिथे तशाच राहू द्या. काढायच्या फक्त त्या दोन लटकत्या झडपांच्या. छातीपाठीच्या कवचाखाली ज्या झडपा असतात त्या कुसाझुरी, आणि त्यांना वरच्या कवचाशी जोडणारा जो उघडा पट्टा दिसतो, तो युरुगिचा. कमरेत वाकता यावं म्हणून तो मोकळा ठेवलेला असतो आणि झडपेचा सगळा भार त्याच्यावर. तुटतो तोही तिथेच. ही नाडी बदलणं म्हणजे चिलखताच्या जन्मापासून चालत आलेली देखभाल आहे, तुम्ही कुणाचा अपराध करणार नाही.

आधी चिलखत उभ्या स्टँडवरून उतरवा. आत्ता या क्षणी त्या झडपा स्वतःच्या वजनाने उरलेला धागा तोडतायत. टेबलावर जाड मऊ चादर टाकून त्यांना आडवं करा. पुढून, मागून, पट्टी शेजारी ठेवून फोटो काढा. मग कागदावर नाडीचा रस्ता काढा: कुठल्या भोकातून आत, कुठून बाहेर, तिढा कुठे, वरून कोण जातो, टोक कुठे लपवलंय. शेजारची धड झडप हा तुमचा गुरू, तिला बोट लावायचं नाही. नाडीची रुंदी व्हर्नियरने मोजा, अंदाजाने नाही. अर्धा मिलिमीटर जास्त झाली तरी भोकात दाटते. तुटलेले तुकडे कात्रीने अलगद मोकळे करून, कुठल्या भोकातले ते लिहून, पाकिटात ठेवा आणि पाकीट पेटीत. जुनी नाडी रोगणाला चिकटलेली असेल तर ओढू नका. नव्या रेशमी नाडीचं टोक तिरकं कापून सरसाने कडक करा म्हणजे ते सुईसारखं जातं. आरीने भोक मोठं करायचा मोह होईल, तो आवरा. ताण असा ठेवा की झडप लोंबेल पण खेचली जाणार नाही, शेजारच्या झडपेच्या खालच्या कडेशी रेषा जुळली की थांबा. रंग जुन्याशी मिळता घ्या, हुबेहूब नको. चार पावलांवरून खटकू नये, जवळून बघणाऱ्याला नवं-जुनं कळावं.

चपटी रेशमी नाडी कुठून आणायची? उएनोला दोम्यो हे गोफाचं १६५२ पासूनचं दुकान आहे, तिथे चौकशी करा. ते विणकामही शिकवतात. एकदा तो विणायचा उंच घोडा, ताकादाई, बघितलात की नायलॉनची आठवण राहणार नाही.

आणलेलं नायलॉन आणि स्प्रे वाया जाणार नाहीत. ओदावारासारख्या गावांत हौशी लोक पुठ्ठ्याची चिलखतं बनवून उत्सवात घालतात. तुमच्या लेकीच्या मापाचं एक बनवा. पट्ट्या कापा, भोकं पाडा, काळा स्प्रे मारा आणि सुगाके बांधणी त्या लाल नाडीने करा. चुका तिथे करा, एकाच ओळीला पाच वेळा उसवा. ते एक चिलखत पुरं बांधून झाल्याशिवाय खऱ्याच्या युरुगिला हात लावायचा नाही, ही माझी अट समजा.

यामागे दुसरंही कारण आहे. मेंपोच्या, म्हणजे त्या अर्ध्या मुखवट्याच्या, आतला लाल रंग बहुधा हिंगुळाचा असतो, पाऱ्याचं संयुग. धड रोगणात तो बंदिस्त असतो, पण तुमच्याकडे पोपडे निघतायत आणि चार वर्षांचं मूल बोट तोंडात घालतं. खरा मुखवटा तिच्या हाताला लागता कामा नये. तुम्हीही लाल भागावर पॉलिश पेपर चालवू नका. तिला पुठ्ठ्याचा मुखवटा द्या, मिशांसकट.

आता ढालींचे पोपडे. ते रोगण म्हणजे उरुशी, झाडाचा चीक. तुमच्या सावंतवाडीची लाख किड्यापासून होते, ती स्पिरिटमध्ये विरघळते आणि उष्णतेने मऊ पडते. उरुशी एकदा धरली की कशातच सहजी विरघळत नाही, आणि ती धरते दमट हवेत, कोरड्या हवेत ओलीच राहते. दोघींची सोयरीक जमत नाही. उरुशीची खरी नातलग तुमच्या कोकणात दुसरीच आहे: आंबा, काजू आणि बिब्बा यांच्याच कुळातलं ते झाड. बिब्बा उतलेला माणूस तुम्ही पाहिला असेल, तर ओली उरुशी अंगाला लागल्यावर काय होतं ते वेगळं सांगायला नको. काजूच्या टरफलाच्या तेलापासून केलेलं काश्यू नावाचं रोगणही जपानात उरुशीच्या जागी वापरतात आणि पुष्कळ हौशी लोक तेच चिलखतांना फासतात. पुठ्ठ्याला किंवा नव्या नकलेला खुशाल लावा. जुन्यावर नको, कारण लावल्यावर ते परत काढता येत नाही.

मग सुटलेल्या पोपड्यांचं काय? या प्रश्नावर तज्ज्ञांतच दोन घराणी आहेत. जपानी परंपरेतला माणूस पातळ केलेली कच्ची उरुशी किंवा सरस आत सोडून पोपडा बसवतो. पाश्चात्त्य संग्रहालयांत पुष्कळदा पॅरालॉइड बी-७२ सारखी, पुढे अॅसिटोनने काढता येणारी राळ वापरतात. मी दुसऱ्या बाजूची आहे, पण उरुशीवाल्यांचं काम पाहिलं की माझा आवाज खाली येतो. तुम्ही दोन्हीतलं काही करू नका. निसटलेले तुकडे डबीत जमवा, कुठल्या पट्टीवरचे ते लिहा आणि ढाली आडव्या ठेवा. खरंच शिकायचं असेल तर टोकियोत किंत्सुगीचे, म्हणजे फुटकी भांडी उरुशीने सांधायचे, वर्ग भरपूर आहेत. फुटक्या भांड्यांवर तिथे गव्हाच्या पिठात कालवलेली चिकट उरुशी आणि मातीच्या भुकटीत कालवलेली भरणीची उरुशी शिकवतात, चिलखताच्या दुरुस्तीतही हीच दोन मिश्रणं लागतात. हातमोजे घाला. ओल्या फडक्याने जुनं रोगण पुसायचंही टाळा. उन्हाने थकलेल्या उरुशीवर पाण्याचा पांढुरका डाग कायमचा बसतो.

घरातल्या जागेबद्दल. लोखंडाला कोरडी हवा मानवते, रोगणाला आणि कातड्याला ती तडकवते. मधला मार्ग म्हणजे आर्द्रता साधारण ५० ते ५५ टक्के, आणि तीही हेलकावे न खाता. टोकियोचा जूनमधला पाऊस आणि हिवाळ्यातला हीटर, दोन्ही वैरी आहेत; साधा आर्द्रतामापक घ्या आणि एसीच्या झोतापासून लांब ठेवा. खिडकीसमोर तर मुळीच नको. भूकंपाचा विचार करून स्टँड भिंतीला बांधा. पेटीत कापराचा वास येत असेल तर त्यात डांबरगोळ्या टाकू नका, दोन्ही एकमेकांच्या वाफेने पाझरतात आणि डाग पडतात.

बायकोचं म्हणणं मला पटतं. दोन खोल्यांच्या घरात डोळ्यांच्या जागी पोकळी असलेला माणूस रोज रात्री दाराशी बसलेला असेल तर कुणालाही नको वाटेल. चिलखताची मूळ जागा पेटीतच आहे, ते वर्षभर मांडून ठेवायची रीत नव्हती. पाहुणे आले, सण आला की काढा. रेशमालाही तेवढाच उजेड पुरे.

दिवाळीपर्यंत एवढं होईल: धूळ झटकणं, नारिंगी ठिपके, पुठ्ठ्याचं चिलखत, आणि हात बसला असेल तर त्या दोन झडपा. नव्यासारखं होणार नाही. बाबांना काबुतो हातात द्या आणि पट्ट्या मोजायला सांगा.

राहिला भारतात नेण्याचा प्रश्न. जपानातून जुनी कलावस्तू बाहेर काढताना ती संरक्षित सांस्कृतिक ठेव्यांपैकी नाही असं तिथल्या सांस्कृतिक खात्याचं प्रमाणपत्र घेऊन ठेवा, कस्टममध्ये वाद होत नाहीत. खरी गोम पुढे आहे. आपल्या १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षांवरची वस्तू भारताबाहेर न्यायला खाजगी माणसाला मुभा नाही, आणि त्या व्याख्येत वस्तू कुठल्या देशात घडली याची अट नाही. म्हणजे सावंतवाडीला पोचलेलं चिलखत दुरुस्तीसाठी परत क्योटोला पाठवू म्हणालात तर अडचणीत याल. खरेदीची पावती, विकणाऱ्याचं वर्णन, प्रमाणपत्र सगळं एका फाइलीत ठेवा, आणि उरुशीचं जे काम जाणत्या हाताकडून करून घ्यायचंय ते तिथे असेपर्यंतच उरकून घ्या.